उठायचं कुणी?

"काका, पाहिजे तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर बांधावर येतो. मग दावणीला बैल पोसायचा कशाला?"

गेल्या दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून पुतण्याने हा सवाल टाकला आणि उत्तराची वाट न बघता चकलीच्या डब्यात हात घातला. बैल म्हणजे आमच्या माडीवरचा कॉम्प्युटर. पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे, हुशार आहे, त्याच्या हुशारीविषयी माझी तक्रार नाही. पण त्या संध्याकाळी त्याने एका दमात जे जे ठोकून दिलं त्याला घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात तेव्हा शंकरपाळी होती. आता नाही.

त्याचं म्हणणं मी आधी त्याच्याच बाजूने मांडतो, नाहीतर म्हणेल काकांनी सोयीचं तेवढं उचललं. घरी कॉम्प्युटर बाळगण्याचे दिवस गेले. फायली क्लाउडवर ठेवाव्यात, लागेल तेव्हा लागेल तेवढं यंत्र भाड्याने घ्यावं, महिन्याला पैसे मोजावेत. आणि मी जे जमवून बसलोय, म्हणजे पुण्यात उभं राहून फोनवर बोट टेकवायचं आणि सारोळ्यातलं बंद यंत्र जागं करायचं, ते त्याच्या मते जुगाड आहे. गावच्या नेटवर ते धड चालायचं नाही, आणि चाललं तर चोरांना आमंत्रण. वर शेवटी, डबा बंद करता करता: "आणि काका, उठून बटन दाबायला काय होतं?"

बाकीचं सगळं मी कदाचित सोडूनही दिलं असतं. हे शेवटचं वाक्य सोडवत नाही.

मी डीटीपीवाला. कागदोपत्री सारोळे, बोलण्यात सारोळा. भोर तालुक्यातलं महामार्गावरचं गाव, नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळ. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, वर्षश्राद्धाची कार्डं हे माझं पीक. मजकूर जुळवायचा सारोळ्यात, छापायचा पुण्यात, नारायण पेठेत. आठवड्यातून दोन-तीनदा तरी खेड-शिवापूरचा टोलनाका आणि कात्रजचा बोगदा मागे टाकून मी छापखान्यात उभा असतो.

गेल्या वैशाखात असाच उभा होतो. एका पत्रिकेची प्लेट काढायची वेळ झाली आणि मुलीच्या मामांचा फोन आला. "अहो, आजोबांच्या नावाआधी 'कै.' पडलंय. आजोबा इथं माझ्यासमोर चहा पितायत." चूक माझीच. नाव दिवंगतांच्या ओळीतून उचलून निमंत्रकांत सगळ्यात वर न्यायचं होतं, खालची नावं सरकवायची होती, आणि या गोंधळात त्या घराला राहून गेलेले दोन काकाही आठवले. छापखान्यात जी फाइल होती ती कर्व्ह केलेली. कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसती आकृती होते. त्यातली अक्षरं खोडता येतात, नवे काका टाइप करता येत नाहीत. मूळ फाइल माझ्या माडीवर, आणि ती श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात.

हे पुतण्याला कळत नाही, कारण तो युनिकोडच्या जगात वाढला. त्याआधी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम यांच्या खांद्यावर अख्खं मराठी डीटीपी उभं होतं. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं उगवतात. सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरच्या पाठीत लॉक खोचलेला लागतो, पेनड्राइव्हएवढा. तो लॉक खिशात घालून हिंडायचा प्रयोगही मी करून बघितलाय. एसटीच्या सीटवर विसरला आणि परत मिळेपर्यंत तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून तो माडीवरच्या यंत्रात आहे आणि तिथेच राहील. नवीन कामं मी युनिकोडमध्येच करतो, तेवढं पुतण्याचं खरं. पण वीस वर्षांच्या पत्रिका, आणि 'मागच्या वर्षीसारखंच करा' म्हणणारी गिऱ्हाइकं, यांचं काय? भाड्याचा ट्रॅक्टर येईल रे, पण या वावरात नांगर फक्त याच बैलाला ओढता येतो.

तर मी पिशवीतला लॅपटॉप काढला, सारोळ्यातल्या यंत्राला हाक मारली, दीड मिनिटात त्याचा पडदा माझ्यासमोर उघडला. वीस मिनिटांत आजोबा निमंत्रकांत बसले.

हेच तीनेक वर्षांपूर्वी घडतं तर काय झालं असतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण तेव्हा ते महिन्यातून चार वेळा घडायचं. मी घरी फोन करायचो. दुपारचे दोन. आई जेवणखाण आवरून नुकती कलंडलेली. फोन कोपऱ्यातल्या खिळ्याला चार्जिंगला. ती उठायची, फोन घ्यायची, गुडघ्यावर हात ठेवत माडीचा जिना चढायची. "आता कुठलं बटन?" आधी यूपीएसचं, आई. "लाल दिवा लागलाय." तो हिरवा व्हायला पाहिजे, परत दाब. "शिट्टी वाजतीय." एकदा तिने यूपीएस चालू करायच्या ऐवजी बंद करून मागचा प्लगही काढून ठेवला, सुरक्षित असावं म्हणून. मी छापखान्यात डोकं धरून बसलो. आणि लाज वाटायला हवी होती ती वाटली नाही, उलट रागच आला. ते आठवलं की अजून कानकोंडं होतं.

पुतण्या, ही तुझी आजी. 'उठून बटन दाबायला काय होतं' हे तू विचारलंस तेव्हा उठणारा माणूस तुझ्या डोळ्यांपुढे नव्हताच. लांबून यंत्र उठवणं हा आळस, असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. यंत्र आपोआप कधीच चालू होत नव्हतं. कुणीतरी उठतच होतं. फक्त त्या उठण्याची नोंद कुठल्या वहीत नव्हती.

याच गावात, नीरेकाठच्या उसात, याचं उत्तर माझ्याही आधी सापडलेलं आहे. शेतीपंपाला तीन फेजची वीज महाराष्ट्रात वर्षानुवर्षं पाळीने मिळत आली: दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर निघायचा. मण्यार, घोणस, अलीकडे बिबट्याही. विहिरीवर पोहोचून स्टार्टरचं हिरवं बटन दाबायचं. वीज गेली असेल तर तिथेच खोपटात बसायचं. आली की दाबायचं, परत गेली की परत बसायचं. तेव्हाही शहरातून आलेला कुणी पाहुणा विचारू शकला असता, उठून बटन दाबायला काय होतं?

मग मोबाइल स्टार्टर आले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र बनवलं, मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्यानंतर अशा पेट्या किती कंपन्यांनी काढल्या त्याची गणती मी ठेवलेली नाही. स्टार्टरशेजारी एक पेटी, तिच्यात सिमकार्ड. घरून फोन लावायचा, पेटी सांगते वीज आहे की नाही, तिन्ही फेज आहेत की नाहीत. मग मोटर चालू. दारं धरायला जावं लागतं ते लागतंच, पण नुसत्या बटनासाठीची खेप वाचली. ज्यांच्या शेतात ही पेटी आहे त्यांना मी माझ्या कॉम्प्युटरचं सांगितलं तेव्हा एकालाही नवल वाटलं नाही. "म्हणजे मोबाइल स्टार्टरच की," म्हणाले. हिंजवडीच्या माणसाला जे जुगाड वाटलं ते सारोळ्यातल्या माणसाने एका वाक्यात ओळखलं.

खरं तर त्याच्याही मागे जाता येईल. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीला आलं की दार आपण होऊन उघडायचं, उतरलं की मिटायचं. आमच्या भाटघरच्या धरणालाही स्वयंचलित दारं आहेत, आणि दर पावसाळ्यात ती उघडल्याची बातमी येते. पुराच्या रात्री भिंतीवर जाऊन दार उचलणारा एक माणूस त्या दारांनी कमी केला. त्याला कुणी आळस म्हटल्याचं ऐकिवात नाही.

वेक ऑन लॅन, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरचा हा प्रकार, याच गरजेतून जन्मला. १९९५ च्या सुमारास एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी 'मॅजिक पॅकेट'ची कल्पना मांडली, १९९७ मध्ये आयबीएम आणि इंटेल यांनी वेक ऑन लॅन हे नाव घेऊन ती बाजारात आणली. मोठ्या कचेऱ्यांत शेकडो कॉम्प्युटर, त्यांची दुरुस्ती आणि नवीन सॉफ्टवेअर रात्रीच घालायचं, आणि त्यासाठी कुणीतरी मजल्यामजल्यावर फिरून बटनं दाबायची. त्या फिरणाऱ्याची खेप वाचवायला ही सोय. म्हणजे तिथेही प्रश्न हाच, उठायचं कुणी.

आता 'गावात चालणार नाही' हे. पुतण्या इथे अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर माणूस पूर्ण चुकीच्या माणसापेक्षा जास्त त्रास देतो.

बंद केलेला कॉम्प्युटर पुरता बंद नसतो. भिंतीतला सॉकेट चालू असेल तर त्याच्या वीजपेटीतून पाच व्होल्टची एक बारीक धार वाहत राहते आणि तिच्यावर नेटवर्क कार्ड कान उघडे ठेवून पडून असतं. मागच्या खाचेतला हिरवा दिवा लुकलुकतो तो त्याचाच. या कार्डाला आयपी पत्ता वगैरे काही कळत नाही, झोपेत कुणाला कळतो? त्याला एकच गोष्ट ओळखता येते: आधी सहा बाइट निव्वळ ठणाणा, आणि मग स्वतःचा जन्मजात क्रमांक, ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, तो लागोपाठ सोळा वेळा. क्रमांक सहा बाइटांचा, म्हणजे एकूण एकशे दोन बाइट. हेच ते मॅजिक पॅकेट. गाढ झोपलेल्याला सोळा हाका. ऐकल्या की कार्ड मदरबोर्डला ढोसतं.

ही हाक नाव घेऊन एकाच्या दारात जात नाही, ती दवंडी असते. घरातल्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जाते आणि ज्याचं नाव तो उठतो. आणि दवंडी वेशीबाहेर जात नाही. राउटर ही वेस. नारायण पेठेतून मी कितीही ओरडलो तरी माझी दवंडी सारोळ्याच्या वेशीवर थांबते. त्यावर लोक राउटरमध्ये भोक पाडतात, पोर्ट फॉरवर्डिंग करतात. आणि मग फसतात. यंत्र बंद करून लगेच बाहेर जाऊन बघितलं तर उठतं, रात्री उठत नाही. का, तर कुठला आयपी कुठल्या कार्डाचा ही राउटरची आठवण काही मिनिटांची असते. झोपलेलं यंत्र 'मी इथे आहे' असं अधूनमधून सांगत नाही, राउटर त्याला विसरतो. मी स्वतः यात एक आख्खा आठवडा घालवला आणि शेवटी कार्डालाच दोष देऊन नवीन कार्ड आणलं. तेही रात्री उठेना.

वर आणखी एक गोम. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण ४२९ कोटींच्या आसपास, ते कधीच संपले. म्हणून नेट पुरवणारे शेकडो घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात. त्यासाठी २०१२ साली पत्त्यांचा एक वेगळा गट राखून ठेवला गेला. राउटरमध्ये आपला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्याने सुरू होताना दिसला की समजावं, आपण चाळीत राहतो आणि चाळीच्या दारावर आपली पाटी नाही. सारोळ्यात माझं तसंच आहे. बाहेरून माझ्या घरापर्यंत येणारी वाटच नाही. पुतण्या 'चालणार नाही' म्हणाला ते या वाटेविषयी म्हणत असेल तर मान्य.

पण पूर्वी गावात दवंडी पिटायला कोतवाल असायचा. बाहेरचा हुकूम कोतवालाला मिळायचा आणि दवंडी तो गावात द्यायचा. मी एक कोतवाल नेमला. रास्पबेरी पाय नावाचा काडेपेटीहून थोडा मोठा बोर्ड, राउटरशेजारी चोवीस तास जागा, वीज खातो वॅट-दीड वॅट. तो स्वतःच आतून बाहेर जाऊन एक बंद बोळ धरून ठेवतो, ज्याला व्हीपीएन म्हणतात. आतून बाहेर जायला चाळीतल्या कुणालाच अडचण नसते. मी पुण्यातून त्या बोळातून कोतवालापर्यंत पोहोचतो, तो घरात दवंडी देतो. राउटरमध्ये एकही भोक नाही. सगळं मिळून खर्च एका चांगल्या पैठणीच्या ब्लाऊजच्या शिलाईपेक्षा फार जास्त नाही, असं मी घरात सांगितलं आहे.

बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, शिरून एकदोन गोष्टी कराव्या लागल्या. 'इआरपी' नावाची सोय बंद करावी लागते. युरोपने बंद यंत्रांच्या वीजखाण्यावर मर्यादा घातली, २०१० पासून एक वॅट, २०१३ पासून अर्धा, त्यासाठी ती आली; ती चालू असेल तर कार्डाची पाच व्होल्टची धारच तुटते आणि कान मिटतात. विंडोजमधला 'फास्ट स्टार्टअप'ही काढला. आणि वायफायचा नाद सोडून केबल ओढली, माडीपर्यंत, खिडकीच्या चौकटीतून. एवढ्यावर काम झालं.

यंत्र चोवीस तास चालूच ठेवा म्हणणारे वेगळे. त्यांच्यासाठी फार शाई घालवत नाही. माझं यंत्र रिकामं बसलं तरी साठेक वॅट खातं; चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. झोपलेलं दोन वॅट, म्हणजे दीड युनिट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटनंतर दर चढतो, आणि आमच्यासारख्या घरात हे ४३ युनिट नेमके ती रेघ ओलांडायला पुरतात. बैल झोपेतही वैरण खातो, हा पुतण्याचा मुद्दा त्यांना लागू आहे. मला नाही.

काहींनी सुचवलं की बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप चालू' करून टाक. याला शेतात ऑटो स्विच म्हणतात. वीज आली की माणसाविना मोटर सुरू. महावितरण दर हंगामात हात जोडून सांगतं की ऑटो स्विच काढा, कारण वीज येते त्या क्षणी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळतो. माझ्या एका कॉम्प्युटरने डीपी जळणार नाही, पण आमच्याकडे वीज येते ती तीनदा येऊन दोनदा जाते, आणि प्रत्येक वेळी यंत्र उठलं तर हार्ड डिस्कची वाट लागते. बोलावल्याशिवाय उठायचं नाही हाच नियम बरा.

आता चोर. पुतण्याच्या भात्यातला हा खरा बाण, आणि त्याने तो नीट ओढला नाही म्हणून मीच ओढतो. मॅजिक पॅकेटला ओळखपाळख लागत नाही. ज्याला क्रमांक माहीत तो हाक मारू शकतो. पासवर्ड जोडायची एक सोय आहे, पण तो उघडाच जातो, दवंडीत पासवर्ड सांगितल्यासारखा. आणि २०२० च्या सुरुवातीला हे उघडकीला आलं होतं की र्‍युक नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर एखाद्या कचेरीत शिरलं की वेक ऑन लॅन वापरूनच झोपलेले कॉम्प्युटर उठवतं आणि त्यांच्याही फायली कुलूपबंद करतं. माझीच युक्ती, दरोडेखोराच्या हातात.

पण 'शिरलं की' हे शब्द नीट वाचावेत. दवंडी वेशीच्या आतून द्यावी लागते, म्हणजे चोर आधीच घरात आहे. आणि उठवणं म्हणजे दार उघडणं नव्हे. उठलेलं यंत्रही पासवर्ड विचारतंच. लोक बुडतात ते दुसऱ्याच गोष्टीने. लांबून पडदा बघायची विंडोजची सोय थेट इंटरनेटवर उघडी टाकतात. २०१९ च्या मे महिन्यात त्या सोयीत इतकं मोठं भगदाड सापडलं की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा ठिगळ काढलं. ते दार मी उघडं ठेवलेलं नाही, माझा पडदाही त्याच बंद बोळातून येतो. आणि एक साधी गोष्ट: माझं यंत्र दिवसातले वीस-बावीस तास बंद असतं. बंद यंत्रात बाहेरच्या चोराला दिवा लावता येत नाही, आधी वेशीच्या आत शिरून दवंडी द्यावी लागते. चालू ठेवणाऱ्यांकडे तेवढंही नाही.

राहता राहिला ट्रॅक्टर. क्लाउडवर माझा राग नाही. गिऱ्हाइकांना प्रूफ मी तिथूनच पाठवतो. पण भाड्याची वस्तू भाडेवाल्याच्या अटीवर चालते हे विसरून कसं चालेल? गुगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद केली, तेव्हा याच पुतण्याच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दोन रविवार नातवंडांचे फोटो खोडण्यात घालवले. आणि तिथेही कुणीतरी जागं आहेच. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात डेटा सेंटरं उघडली, त्यांतलं एक पुण्यात आहे. नवी मुंबईत तर डेटा सेंटरांची रांगच. तिथे यंत्रं झोपत नाहीत, ती गार ठेवणारी यंत्रं झोपत नाहीत, वीज गेली तर घरघरणारे जनरेटर आहेत, आणि रात्रपाळीला माणसं. ते जागरण पुतण्याच्या बिलात महिन्याच्या एका ओळीत येतं, म्हणून त्याला वाटतं कुणी उठलंच नाही.

मला माझ्या पद्धतीचा एकच दोष खरोखर छळतो, आणि तो पुतण्याला सापडलाच नाही. मोबाइल स्टार्टर ओ देतो: वीज नाही, एक फेज गेला, मोटर कोरडी चालतीय. मॅजिक पॅकेटला ओ नसतो. सोळा हाका मारायच्या आणि थांबायचं. उठलं असेल का? कोतवालाला सांगावं लागतं, जा, बघून ये. काही मदरबोर्डांचं तर असं असतं की वीज जाऊन आली की कार्डाचे कान मिटलेलेच राहतात, एकदा हाताने चालू केल्याशिवाय उघडत नाहीत. माझा आधीचा बोर्ड तसा होता. आत्ताचा नाही. पण वीजच नसेल तर?

आषाढात एका पतसंस्थेचा अहवाल छपाईला होता. ताळेबंदात एक आकडा इकडचा तिकडे. मी हाक मारली. ओ नाही. कोतवालाला विचारावं तर कोतवालच गायब. घरी फोन लावला, आई म्हणाली, सकाळपासून लाईट नाही, डीपी जळालाय, वायरमन येऊन बघून गेला. संध्याकाळपर्यंत नक्की येईल असं म्हणाला. छापखान्यातला माणूस घड्याळाकडे बघत होता. मी स्वारगेट गाठलं, एसटी पकडली. खेड-शिवापूरला अर्धा तास रांग. सारोळ्यात उतरून घरी पोहोचलो तेव्हा पंखे फिरायला लागले होते. चप्पल काढून तसाच जिन्याकडे निघालो, तर आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली.

"एवढ्यासाठी आलास?" म्हणाली. "मला सांगायचं, मी दाबलं असतं बटन."

"अगं, लाईटच नव्हती."

"हां, ते खरं," म्हणाली आणि सूप झटकलं.